निळ्या टिकलीचं पुस्तक

संघप्रिया बनसोडेबाईंनी टेबलाचा खालचा खण ओढला. तो नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडला, म्हणून त्यांनी त्याला दोन्ही हातांनी हिसका दिला आणि बाहेर आल्यावर सगळाच्या सगळा टेबलावर पालथा केला. खडूचे तुकडे निघाले, मागच्या निवडणूक ड्यूटीचं ओळखपत्र निघालं, ज्यांची कुलपं शाळेत कुणी पाहिली नव्हती अशा तीन किल्ल्या निघाल्या. यादी काही निघाली नाही. निघालं ते एक गोष्टीचं पुस्तक, आठ पानांचं, वर एसटी बसचं चित्र आणि कोपऱ्यात निळी टिकली.

"हे इथं कुणी कोंबलं?" बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी ते बाजूला सारलं.

निळी टिकली म्हणजे पाचवी पायरी, सगळ्यांत अवघड. या पुस्तकात तर पानाला चार शब्द होते. म्हणजे हेही चुकलेलंच. सकाळी साडेसातला व्हरांड्यातल्या लाल टोपलीतलं पुस्तक त्यांनी सहज उचललं होतं. लाल म्हणजे पहिली पायरी, नुकती अक्षरं जुळवायला लागलेल्या पोरांची. आत एका विहिरीची चोवीस पानांची हकिगत होती आणि पहिलंच वाक्य अडीच ओळींचं होतं. तेव्हापासून बाई पुस्तकांची यादी शोधत होत्या.

कारणही तसंच होतं. सात रस्ता चौकाजवळच्या त्या शाळेत बाई एकोणीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि एकोणीस वर्षं पुस्तकांसाठी अर्ज करत होत्या. दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका संस्थेने एकदाच्या तीन पेट्या पाठवल्या. सव्वाशे कोरी पुस्तकं. वर मराठी ओळ, खाली तीच कन्नडमध्ये, पण देवनागरी अक्षरांत, कारण शाळेतल्या निम्म्या पोरांच्या घरी कन्नडच बोलतात. अट एकच होती. पुस्तकं पाच पायऱ्यांत लावायची, पाच रंगांच्या टिकल्यांनी. तपासणीत मांडणी चुकलेली दिसली तर पेट्या दुसऱ्या शाळेला जाणार. आणि तपासणी आज होती, अकरा वाजता.

"मामा!"

धोंडिराम घंटेचा हातोडा हातात घेऊनच आला. तो शाळेचा शिपाई. मूळचा कन्नड मुलखाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा, शाळेत बाईंच्याही आधीचा.

"मामा, या टिकल्या कशा लावल्यात तुम्ही?"

"डिंकानं, बाई."

"ते नाही विचारत मी!"

"त्यांचा गोंद लई पाणचट निगाला. उचकटायला लागल्या टिकल्या. मग खालनं डिंक दिला. आता पुस्तक फाटंल, पर टिकली सुटायची न्हाय."

बाईंनी डोळे मिटले. टिकल्या काढून पुन्हा लावायचा शेवटचा मार्गही डिंकात अडकला होता.

"अहो, यादी बघून लावा म्हटलं होतं ना? पेटीत यादी होती."

"पेटीत न्हवती."

"मग मला फोन करायचा!"

धोंडिरामने बाईंच्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बाईंच्याच वळणदार अक्षरात लिहिलेली सूचना होती: 'सुट्टीत मुख्याध्यापिकांना फोन करू नये.' खाली दोन रेघा होत्या.

"मग काय केलंत तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"वाचली."

"काय वाचली?"

"सगळी. रोज सा-सात. सुट्टीत दुसरं काय काम? वरली ओळबी वाचली, खालचीबी वाचली. आमाला कानडी काय नवं न्हाय. दोन-तीन जागी खालचीच ओळ जास्त बरी हाय, तेवढं त्या पुण्याच्या बाईंला सांगा."

"मामा, पेट्या जातील हो आपल्या!" म्हणत बाईंनी टेबलावर हात आपटला. हात आपटला तो नेमका काचेवर, आणि काचेखालून, जुन्या वेळापत्रकाच्या कडेने, एका कागदाचा कोपरा त्यांना दिसला. 'पुस्तकांची पायरीनिहाय या...' एवढं त्यावर वाचता येत होतं. हरवू नये म्हणून त्यांनीच तो तिथे सरकवला होता. बाईंनी हात उचलला नाही. तो कोपरा तळव्याखाली झाकला आणि आवाज एकदम खाली आणला.

"बरं," त्या म्हणाल्या. "कोणता रंग कशाचा, ते तरी सांगा."

"लालमंदी कुणी काय खात न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे लाडू न्हाय, भाकरी न्हाय, आंबाबी न्हाय. त्या पुस्तकांतली माणसं उपाशीच. ती सकाळी द्यायची. आपली खिचडी धा वाजता. निम्मी पोरं चहात खारी बुडवून येत्यात, काय जणं तेबी न्हाय. पुस्तकात कोण जेवाय बसलं की त्यांचं ध्यान खिचडीवाल्या फुलाबाईच्या पातेल्याकडं. पिवळ्यात खाणं हाय. ती खिचडी झाल्यावर."

बाई ऐकत राहिल्या. खारीही न खाता शाळेत येणारी पोरं कोणती, हे एकोणीस वर्षांत आपण कधी विचारलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"केशरी भांडलेल्यांची," धोंडिराम सांगत होता. "दोघांत एक. एकानं वरचं मराठी वाचायचं, दुसऱ्यानं खालचं कानडी. दुसऱ्याचं झाल्याबिगर पान उलटायचं न्हाय. हिरवी हसायची, शेवटच्या तासाला. शनवारी जरा जास्त लागत्यात."

"आणि निळी?"

धोंडिरामने हातोडा या हातातून त्या हातात घेतला. टेबलावरच्या बसच्या पुस्तकाकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.

"निळी थोडीच हायत," तो म्हणाला, आणि तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

तपासणी घेणाऱ्या पुण्याच्या ऋतुजा मॅडम दीड तास आधीच आल्या होत्या. तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. सहाच्या गाडीने उतरले, लॉजवर पाणी नव्हतं, म्हटलं सरळ शाळेतच जावं, असं त्या चालता चालता सांगत होत्या आणि चालत होत्या नेमक्या व्हरांड्याकडे. बाई त्यांना चहा घ्या, आधी चहा घ्या, असं म्हणत मागून येत होत्या.

व्हरांड्यात तिसरीची दोन पोरं एकमेकांकडे अर्धी पाठ करून बसली होती. संगमेशचा एक गुडघा आणि मल्लिनाथचा एक गुडघा असे जोडून त्यावर एक पुस्तक ठेवलं होतं. संगमेशने वरची मराठी ओळ तोऱ्यात वाचली. मल्लिनाथने खालची कन्नड त्याहून मोठ्याने वाचली. मग दोघांनी एकमेकांकडे न बघता पान उलटलं.

ऋतुजा मॅडम जागच्या जागी थांबल्या.

"खालची ओळ वाचतायत," त्या हळूच म्हणाल्या. "मॅडम, सगळ्या शाळांत माझी हीच रड आहे. खालच्या ओळीकडे कुणी ढुंकून बघत नाही. हे कसं जमवलं तुम्ही?" आणि खाली वाकून त्यांनी संगमेशला विचारलं, "बाळा, तुम्ही दोघं असे मिळून का वाचताय?"

"यानं माझी पट्टी मोडली," संगमेश म्हणाला.

"आधी यानं माझं खोडरबर खाल्लं," मल्लिनाथ म्हणाला.

ऋतुजा मॅडम हसल्या. हसता हसता त्यांनी पुस्तकाच्या कोपऱ्यातली केशरी टिकली पाहिली आणि हसू थोडं कमी झालं. त्यांनी टॅबवर काहीतरी शोधलं. मग लाल टोपलीतलं एक पुस्तक काढलं, पिवळ्यातलं एक काढलं, पुन्हा टॅब पाहिला.

"हे केशरी म्हणजे दुसरी पायरी, पण पुस्तक चौथ्या पायरीचं आहे. आणि हे लाल तर... बनसोडे मॅडम, तुम्हाला यादी मिळाली होती ना?"

धोंडिराम खांबाशी उभा होता. त्याने खाकी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. तो काय बोलणार हे बाईंना स्वच्छ दिसलं. त्यांनी नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं.

"यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे," बाई म्हणाल्या. "मीच ठेवली आणि मीच विसरले. हे आमचे शिपाई, धोंडिराममामा. यादी मिळाली नाही म्हणून टिकल्या त्यांनी लावल्या. सगळी पुस्तकं वाचून."

"सगळी?"

"सव्वाशे," धोंडिराम खाली बघत म्हणाला. "दोन्ही ओळी."

ऋतुजा मॅडमनी टॅब छातीशी धरला. "सगळी तर आमच्या ऑफिसातसुद्धा कुणी वाचलेली नाहीत," त्या म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांना वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. "पण मग हे रंग कशाचे?"

मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिली की पोरांना बोलायला जागा मिळते. दुसरीची सिद्धेश्वरी पुढे झाली, पाहुण्या मॅडमचा हात धरला आणि त्यांना एकेक टोपली दाखवत निघाली. हे उपाशी. हे जेवणारं. हे कट्टीवाल्यांचं. हे हसायचं, पण आत्ता नाही घ्यायचं, शेवटच्या तासाला घ्यायचं.

"आणि ही निळी? मी घेऊ एक?"

"निळी मागायची नसतात. मामा आपणहून देतात."

"कुणाला?"

सिद्धेश्वरीने त्यांना खाली वाकायची खूण केली आणि कानात सांगितलं. पण सात वर्षांच्या पोरीचं कानात सांगणं व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

"रडून आलेल्याला. पण कुणाला सांगायचं नसतं."

बाईंचा हात निळ्या टोपलीच्या काठावर होता, तो तिथेच राहिला.

"पेट्या..." त्यांनी विचारलं. "पेट्यांचं काय मग, मॅडम?"

ऋतुजा मॅडमनी बराच वेळ टॅबच्या काचेवर बोट फिरवलं. "पायरी तर नोंदवावीच लागेल," त्या म्हणाल्या. "यादी बघून प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलने आकडा घाला. मी तोच बघणार. बाहेरच्या टिकल्या... त्या निघतील का?"

"पुस्तक फाटंल," धोंडिराम तत्परतेने म्हणाला, "पर टिकली सुटायची न्हाय."

"मग काय करणार," ऋतुजा मॅडम म्हणाल्या. "राहू द्या."

बाईंनी इतका मोठा श्वास सोडला की सिद्धेश्वरीने वर पाहिलं. पाहुण्या मॅडम आता खाली सतरंजीवरच बसल्या आणि सहज बोलल्या की पहाटेपासून पोटात काही नाही. धोंडिरामने एक क्षण विचार केला आणि त्यांच्या हातात लाल टिकलीचं पुस्तक दिलं. दहाची घंटा झाली, फुलाबाई खिचडीचं ताट घेऊन आली, तेव्हा त्याने ते परत घेऊन पिवळं दिलं.

साडेबाराला शाळा सुटली. ऋतुजा मॅडमना रिक्षात बसवून बाई ऑफिसात आल्या आणि पालथा खण आवरायला लागल्या. खडू आत गेले, ओळखपत्र गेलं, बिनकुलपाच्या किल्ल्या गेल्या. शेवटी टेबलावर बसचं पुस्तक उरलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस बाईंना आठवला. मुलाचा, रत्नदीपचा, बेंगळुरूहून फोन आला होता. आई, याही वेळी जमत नाही गं. ही तिसरी सुट्टी. बाईंनी 'बरं बाळा, कामाचं बघ' म्हटलं, फोन ठेवला आणि ऑफिसचं दार लोटून घेतलं. धोंडिराम किल्ल्या द्यायला आत आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, धूळ गेली डोळ्यांत. सकाळीच झाडलेलं ऑफिस त्याने एक अक्षर न बोलता पुन्हा झाडून काढलं होतं.

आणि नंतर त्याने सव्वाशे पुस्तकं वाचली होती. त्यातलं हे त्याने या खणात ठेवलं, आणि खण अडतो म्हणून बाईंनी तीन आठवडे तो उघडलाच नव्हता.

बाईंनी चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. सकाळी बस गेली. संध्याकाळी सगळ्या बसगाड्या परत आल्या. एक नाही आली. आगारातला दिवा जागा राहिला. बाई ओळीखाली बोट धरून वाचत होत्या, पहिलीतल्या पोरांना त्या शिकवत तसंच. कन्नड त्यांना येत नव्हतं, तरी शेवटच्या पानावर आल्यावर त्यांनी खालच्या ओळीवरही बोट ठेवलं.

बस आली. उशिरा आली. पण आली.

"बस्सु बंतु," बाईंनी एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं. "तडवागि बंतु. आदरू बंतु."

दोन-तीन जागी खालचीच ओळ जास्त बरी आहे, असं धोंडिराम म्हणाला होता. नुसत्या कानालासुद्धा ते खरं वाटलं.

"बाई, कुलूप लावू का?" धोंडिराम दारात उभा होता.

बाईंनी मान वर केली नाही.

"मामा," त्या म्हणाल्या, "इथं धूळ फार झालीय हो."

तपासणी म्हणून ऑफिसची फरशी त्या सकाळी दोनदा पुसली होती. धोंडिरामने तिच्याकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"व्हय की," तो म्हणाला. "लई झालीया." आणि त्याने कोपऱ्यातला झाडू उचलला.