मांजर स्पष्ट, बायको पुसट

लिफ्टमिस्त्रींना व्यसनं दोनच, एक चहा आणि दुसरा कॅमेरा, आणि दुसऱ्याच्या नादात पहिला हमखास गार व्हायचा. आठवडाभर लोकांच्या इमारतींत अडकलेल्या लिफ्ट सोडवायच्या आणि रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. सोबतीला चार हौशी फोटोवाले असत. त्यांच्यातला दातांचा डॉक्टर सगळ्यात श्रीमंत. त्याच्या एकेका लेन्सचं वजन बघूनच बाकीच्यांचे खांदे दुखत.

मिस्त्रींना फार दिवसांपासून माणसांचे चेहरे काढायची लेन्स हवी होती. मागचं सगळं विरघळून जातं आणि चेहरा तेवढा पुढे येतो, तसली. पण कॅमेऱ्याच्या कंपनीने तिची किंमत अशी काही लावली होती, की ती विचारून मिस्त्री मुकाट्याने दुकानाची पायरी उतरत. हौसेला मोल नाही म्हणतात. असं म्हणणारा कधी लेन्स विकत घ्यायला गेलेला नसावा. आणि मग कळलं, की दुसऱ्याच एका कंपनीने याच कॅमेऱ्यावर बसेल अशी लेन्स काढली आहे, आणि ती आपल्याला झेपणारी आहे. स्वस्त का, तर तिच्यात मोटर नाही आणि वायरिंग नाही. फोकस आपोआप होत नाही. पुढची कडी हाताने फिरवायची. मिस्त्रींना वाटलं, आयुष्यभर हातानेच तर काम करतोय.

लेन्स आली, कॅमेऱ्यावर खटकन बसली, आणि कॅमेरा फोटोच काढेना. त्याच्या मते लेन्स लावलेलीच नव्हती. मिस्त्रींनी बटण दाबून दाबून घाम गाळला आणि शेवटी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आधी पोटभर हसला, मग म्हणाला, सेटिंगमध्ये जा, तिथे लेन्स नसताना फोटो काढू द्यायचा की नाही असं विचारलेलं असतं, त्याला होकार द्या. होकार दिला आणि कॅमेरा चालू झाला. जोडलेली असूनही नसलेली धरायची, असा हा संसार होता.

खरी गंमत पुढेच होती. मिस्त्रींची जुनी लेन्स फोकस आपोआप करायची, पण यंत्रावर पूर्ण भरवसा ठेवणं हे लिफ्टवाल्याच्या रक्तात नाही. शेवटचा केसभर फरक ते नेहमी कडी फिरवून स्वतःच करत. नव्या लेन्सची कडी नेमकी उलटी फिरत होती. जवळचं स्पष्ट करायला गेलं की लांबचं स्पष्ट होई, आणि लांबच्याकडे वळलं की जवळचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती हातातली खोड एका आठवड्यात कशी जाणार? बादली पुसट, कुंडी पुसट, समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे तर कुणाचे तेसुद्धा कळेना.

घरात यावर बोलायला बायको होती, पण ती अलीकडे फारसं बोलत नसे. ती केस कापायची. दोन गल्ल्या पलीकडे तिचं स्वतःचं दुकान होतं, तीन खुर्च्यांचं, आणि त्यात तिचा दरारा असा, की गिऱ्हाईक आपल्याला कसे केस हवेत ते सांगायला घाबरत. गेल्या थंडीत एका सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडातलं पाणी डाव्या बाजूने आपोआप गळायला लागलं. डाव्या अर्ध्या चेहऱ्याची नस सुजली होती. डोळा मिटेना, ओठाचा कोपरा खाली लोंबला. दवाखान्यात सांगितलं, हळूहळू भरून येईल. तसं ते पुष्कळ आलंही. डोळा मिटायला लागला, बोलणं स्वच्छ झालं. ओठाचा कोपरा तेवढा राहिला. हसली की हसू सगळं उजवीकडे पळायचं.

पण ती दुकानात गेली नाही ती गेलीच नाही. ज्या दुकानात तिन्ही भिंतींना आरसे, तिथे दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय, हे तिचं तिलाच माहीत. घरातसुद्धा जेवायला बसताना ती डावी बाजू भिंतीकडे करून बसे. फोटोचं तर नावच काढायचं नाही. दुकान तिच्या धाकट्या बहिणीने नोकरीतून रजा घेऊन सांभाळलं होतं, आणि आता ती रजा संपत आली होती. खुर्च्यांसकट दुकान घ्यायला एक माणूस तयार होता. बहीण येऊन विचारून गेली, ताई, येणार आहेस की देऊन टाकू? ताई म्हणाली, दे. बहिणीने जाताना दारात मिस्त्रींना गाठून विनवलं, की भाऊजी, तुम्ही तरी बोला तिच्याशी.

लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी माणसाशी दाराच्या फटीतून तासभर गप्पा मारून त्याला धीर देणारे मिस्त्री, पण बायकोशी या विषयावर बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. आपण काही बोलू आणि ती आणखी मिटून जाईल, अशी त्यांना भीती वाटायची.

एका सकाळी बायको खिडकीपाशी मटार सोलत बसली होती आणि मिस्त्री जमिनीवर पालथे पडून पाणी घालायच्या झारीचे फोटो काढत होते. तिने वाकून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. झारी होती की हत्ती, सांगणं कठीण होतं. ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "लेन्सला नावं ठेवू नका उगाच. काढा, माझा काढा. तुमच्या हातून मी कुणाला ओळखू येणार नाही, एवढी खात्री आहे."

पडत्या फळाची आज्ञा. मिस्त्रींनी झारी तिथेच सोडली आणि स्टूल ओढलं. ती समोर बसली, सरळ, पूर्ण चेहरा त्यांच्याकडे करून. कडी उलटी फिरली आणि फोटोत तिच्या जागी वाफ धरलेल्या काचेआड कुणीतरी बाई दिसली. तिने ती बघितली आणि समाधानाने पुन्हा मटार हातात घेतले.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. मिस्त्री कामावर निघायच्या आधी ती खिडकीपाशी येऊन बसायची, ते फोटो काढायचे, ती बघायची, "कोण ही बाई?" म्हणायची आणि उठायची. तेवढा वेळ ती भिंत शोधत नसे. मिस्त्रींना दिवसभरात तेवढ्याच वेळात आपली बायको अख्खी दिसायची, आणि त्यासाठी ते पहाटेपासून ताटकळत असायचे.

पण हात शेवटी मिस्त्र्याचा. एका सकाळी कडी न चुकता बरोबर दिशेला फिरली आणि धुक्यातून तिचा डोळा वर आला. पापणीचा केस न् केस. मग गाल, मग ओठाचा तो खाली उतरलेला कोपरा आणि त्याच्याजवळची नवी बारीक घडी. मिस्त्रींना ती इतकी आवडली की बटणावरचं बोट तसंच राहिलं. आणि मग त्यांच्या मनात आलं, हा फोटो हिने पाहिला तर ही उद्या इथे बसेल का?

त्यांनी कडी थोडी सरकवली, सगळं पुसट केलं, आणि बटण दाबलं.

त्यानंतर ते रोज हेच करू लागले. आधी फोकस नीट लावायचा, तिला डोळे भरून बघायचं, मग बिघडवायचं आणि फोटो काढायचा. मुद्दाम वाईट फोटो काढणारा हौशी फोटोवाला जगात दुसरा नसेल. बायकोसमोर ते लेन्सला शिव्या द्यायचे, आणि ती बिचारी लेन्स गप्प ऐकून घ्यायची. मात्र शेजाऱ्यांचं मांजर खिडकीत आलं की त्यांचा हात राहत नसे. तेव्हा ती लेन्स असं काही काम दाखवायची, की रविवारी डॉक्टरने मांजराचे फोटो बघून नक्की किती पैसे दिले ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

पुढच्या रविवारी दुपारी बहीण आली. उद्या तो माणूस व्यवहार पक्का करायला येणार होता. तिने शेवटचं विचारलं, आणि ताईने खिडकीबाहेर बघत शेवटचं सांगितलं, देऊन टाक. बहीण चहा न घेताच गेली. मिस्त्री स्वयंपाकघरात चहाचं आधण बघत उभे राहिले, कारण बाहेर जाऊन काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

बाहेरून कॅमेऱ्याचा टिकटिक आवाज आला. बायको फोटो मागे सरकवत बघत होती. चोराच्या मनात चांदणं. मिस्त्री गॅस बंद करून बाहेर आले तोवर त्यांचं पितळ उघडं पडलं होतं. मांजर, मिशा मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ. मग बायको, धुकं. पुन्हा मांजर, डोळ्यातल्या रेषेसकट. पुन्हा बायको, धुकं.

तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. "एकाच दिवसाचे आहेत हे," ती म्हणाली. "मांजर जमतं तुम्हाला. मी जमत नाही."

मिस्त्री काहीतरी लेन्सचं कारण काढायला लागले, पण तिने बोलू दिलं नाही.

"मुद्दाम करता ना? म्हणजे तुम्हालाही बघवत नाही. मला वाटायचं, मीच तेवढी तोंड लपवतेय या घरात."

दोन मजल्यांच्या मधे लोंबकळतानासुद्धा त्यांना कधी इतकं घाबरायला झालं नव्हतं. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"रोज बघतो," ते म्हणाले. "आधी नीट बघून घेतो, मग बिघडवतो. स्पष्ट फोटो पाहिलास तर उद्यापासून बसणार नाहीस, म्हणून. मला फोटो नकोच होता गं. तू समोर बसतेस, माझ्याकडे बघतेस, तेवढंच हवं होतं. तू आजारी पडल्यापासून मी तुला बघायला तरसलोय."

खालून सायकलच्या घंट्या ऐकू येत राहिल्या. मग तिने खुर्ची खिडकीकडे ओढली, उजेड डाव्या गालावर येईल अशी, आणि सरळ बसली.

"काढा," ती म्हणाली. "मांजराचा काढता तसा."

मिस्त्रींनी कॅमेरा उचलला आणि घाईत कडी जुन्या सवयीने भलतीकडेच फिरली. पडद्यावर पुन्हा धुकं. तिने नुसतं बघितलं. मिस्त्री गयावया करत म्हणाले, आईशप्पथ, या वेळी खरंच चुकलं. तिला हसू आलं, ते सगळं उजवीकडे पळालं, आणि तेवढ्यात मिस्त्रींनी कडी नीट फिरवून बटण दाबलं.

तिने कॅमेरा हातात घेतला आणि फोटो मोठा केला. डोळा बघितला, गाल बघितला, ओठाचा कोपरा कितीतरी वेळ बघितला.

"डावं अजून उतरलेलंच आहे," ती म्हणाली.

"आहे," मिस्त्री म्हणाले. आता खोटं बोलायची त्यांची तयारी नव्हती.

ती बघत राहिली. फोटो थोडा वर सरकवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ही आठी मिस्त्रींच्या ओळखीची होती, दुकानातली होती.

"आणि हे केस? हे असं डोकं घेऊन फिरतेय मी घरात? माझ्या दुकानावरून असं कुणी गेलं असतं ना, तर हाताला धरून आत खेचलं असतं."

बोलून गेल्यावर ती थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिला ऐकू आलं असावं. मग तिने फोन उचलला आणि बहिणीला लावला.

"ऐक. उद्या त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. आणि सकाळची पहिली खुर्ची रिकामी ठेव, मला केस कापायचेत." बहिणीने काहीतरी विचारलं. "तू कशाला? माझे मी कापेन, आरशासमोर बसून. मग गिऱ्हाइकं घेऊ. तुझी रजा संपेपर्यंत तू सोबत थांब, पुढचं मी बघते."

मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. तिने फोन ठेवला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

"शेवटचा तेवढा ठेवा," ती म्हणाली. "बाकीची ती बाई पुसून टाका."

मिस्त्री तिथेच बसून एकेक पुसट फोटो पुसत गेले. मांजराचे मात्र सगळे ठेवले.