वापरात नसलेली वाट

कोम्बच्या वाटेवर फाटक! ओदिल शासान सायकलवरून उतरली आणि आधी तिला वाटलं, आपणच वाट चुकलो. पण डाव्या हाताला तेच वाकडं ओकचं झाड होतं, उजव्या हाताला तीच दगडांची पडकी भिंत होती आणि मधोमध, काल-परवाच बसवलेलं, नवंकोरं लोखंडी फाटक होतं. त्याला साखळी, साखळीला कुलूप आणि वर पाटी: 'खासगी मालमत्ता. प्रवेश बंद.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फ्रान्समधल्या मोर्व्हां नावाच्या त्या डोंगराळ मुलखात ओदिलचं घर म्हणजे सायकलवाल्यांचा हक्काचा मुक्काम. जाड टायरच्या सायकली घेऊन लोक लांबलांबून येत, दिवसभर खडीच्या, मातीच्या, जंगलातल्या वाटा तुडवत आणि संध्याकाळी चिखलाने माखलेले बूट तिच्या दाराशी काढून तिच्या हातचं मसूर-सॉसेज ओरपत. ते ज्या मार्गाने फिरत तो तिनेच जुळवलेला होता. एकेक गाववाट पायी चालून, झुडपं बाजूला सारून तिने तो नकाशावर आणला होता आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. त्यात कोम्बची वाट म्हणजे कळीचा तुकडा. ती सोडली तर पलीकडच्या गावाला जायला मोठा डांबरी रस्ता तेवढा उरतो, आणि त्या रस्त्याने पाइनचे ओंडके लादलेले ट्रक वळणावळणावर अंगावर येतात. गेल्या शरद ऋतूत अशाच एका ट्रकच्या वाऱ्याने दिजों शहरातली एक मास्तरीणबाई खड्ड्यात फेकली गेली आणि खांद्याचं हाड मोडून घेऊन घरी गेली. त्यानंतर ओदिलने ठरवलं होतं, या वसंतात मार्ग पुन्हा जुन्या वाटेवर आणायचा. त्यासाठीच ती आज वाट तपासायला आली होती.

कुरणाच्या वरच्या अंगाने रेजिस लावो त्याच्या ट्रॅक्टरवरून डुलत डुलत आला. वाटेच्या दोन्ही बाजूंची कुरणं त्याची. दोघं एकाच शाळेत शिकलेले.

"रेजिस, हे काय आहे?"

"फाटक आहे. चष्म्याचा नंबर वाढला का तुझ्या?"

"गावाच्या वाटेवर फाटक?"

"कसली गावाची वाट आणि कसलं काय! कोण फिरकतं इथं?"

"माझे सायकलवाले फिरकतात!"

"कधी?" रेजिसने इंजिन बंद केलं आणि शांतपणे हसला. "दोन वर्षं झाली, तूच त्यांना डांबरीने पाठवतेस. तुझ्या नकाशातच आहे की. अख्ख्या देशाला दिसतंय, ओदिल, तुलाच कसं दिसत नाही?"

ते खरं होतं, आणि ते खरं कसं झालं हे या माणसाला तिच्याइतकंच ठाऊक होतं.

दोन वसंतांपूर्वी हाच रेजिस तिच्या स्वयंपाकघरात बसला होता. हातात घरच्या आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली, चेहऱ्यावर गरिबी. गाई व्यायला आल्यात, म्हणाला. पांढऱ्या शारोले गाईला वासरू झालं की ती कुणाचीच नसते, एखादा सायकलवाला तुडवला गेला तर मी कुठे तोंड दाखवू? दोनच महिने तुझी माणसं रस्त्याने धाड. शेजारी दारात आला, बाटली टेबलावर ठेवली, तर त्या मुलखात कुणी कागद मागत नाही. ओदिलनेही मागितला नाही. तिने त्याच संध्याकाळी नकाशावरची रेघ उचलली आणि डांबरी रस्त्यावर ठेवली. पुढे कालवडी आल्या, मग गवताची कापणी आली, मग पुन्हा गाई व्यायला आल्या. दर वेळी रेजिस गोड बोलला आणि दर वेळी ओदिलने मान डोलावली. एका बाईच्या भलेपणाचं इतकं पद्धतशीर पीक आजवर कुणी काढलं नसेल.

गावची वाट लोक वापरतात तोवर ती कुणाला विकता येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि वापरातून गेली की शेजारचा जमीनमालक ती विकत मागू शकतो, हेही.

तिने सायकल थेट गावच्या कचेरीवर नेली. काचेच्या फलकात येत्या सभेचे विषय लावलेले होते. घंटाघराची दुरुस्ती, शाळेचं जेवण, आणि तिसरा विषय: वापरात नसलेली कोम्बची वाट श्री. लावो यांना विकण्याबाबत.

"तू बाई नकाशे काढण्यात हुशार," तिची शेजारीण, ऐंशी उलटलेली ल्युसिएन, सगळं ऐकून म्हणाली, "पण माणसं ओळखण्यात अगदीच मठ्ठ. त्याचा बाप असाच होता. कुंपण सरकवायचा आणि वर आपल्यालाच अंडी आणून द्यायचा."

"आता काय करू?"

"सभेला जाऊ. मीही येते. घरी तरी कुठे काय चाललंय माझं!"

सभेत गावकऱ्यांनी मागे बसून ऐकायचं असतं. बोलायची परवानगी नसते. रेजिस स्वतः कौन्सिलचा सदस्य होता, पण विषय त्याच्याच फायद्याचा, म्हणून तो नियमाप्रमाणे उठून बाहेर गेला. जाताना दार इतक्या हळुवारपणे लावलं, जणू आत कुणी आजारी माणूस झोपलाय. मग उपमेयरने घसा साफ केला आणि एक मोठा छापील कागद सगळ्यांना दाखवला. ओदिलचा नकाशा! तिच्या हाताने काढलेली हिरवी रेघ, खाली तिचं नाव.

"मादाम शासान या वाटांच्या जाणकार आहेत," तो म्हणाला. "त्यांनाच ही वाट वापरण्याजोगी वाटत नाही, तर आणखी काय पुरावा हवा?"

"खोटं आहे हे!" ओदिल उभी राहिली. "साफ खोटं!"

"ओदिल, खाली बस," मेयरबाई कोलनो म्हणाल्या. "श्रोत्यांनी बोलायचं नाही, तुला ठाऊक आहे. पुन्हा बोललीस तर बाहेर काढावं लागेल."

"आधी मला काढा," ल्युसिएन मोठ्याने म्हणाली. "मला तसंही मघापासून बाथरूमला जायचंय."

सभेत खसखस पिकली. मेयरबाईंनी कपाळाला हात लावला. या दोघी गप्प बसायच्या नाहीत, हे त्यांना कळून चुकलं. "ठीक आहे. पाच मिनिटं सभा तहकूब. बोल काय बोलायचंय ते, आणि मग आम्हाला मत देऊ दे."

ओदिलने सगळं सांगितलं. बाटली, गाई, वासरं, कालवडी, गवत. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तिच्याकडे नाताळला जेवलेले, आणि आता सगळे टेबलावरची पेनं न्याहाळत होते. सगळ्यांना ठाऊक असणार! गावात शिंकलं तरी कळतं, आणि दोन वर्षं हे कुणालाच कळलं नाही?

"हे तू म्हणतेस," उपमेयर म्हणाला. "रेजिस इथे नाही. त्याला या विषयात बोलता येत नाही."

"सभेत नाही येत. सभा तहकूब आहे ना आत्ता?" ओदिल म्हणाली, ताडताड चालत गेली आणि तिने दार उघडलं.

रेजिस दाराला कान लावून उभा होता. तो जवळजवळ आतच पडला.

"सांग यांना," ओदिल म्हणाली. "माझ्या घरी येऊन वाट सोडायला सांगितली होतीस की नाही?"

दुसरा कुणी असता तर कानावर हात ठेवून मोकळा झाला असता. पण सगळ्या गावासमोर आपण दाराशी कान लावताना सापडलो, या अपमानाने रेजिसचं डोकं फिरलं.

"सांगितली होती! मग? बंदूक लावली होती का तुझ्या डोक्याला? मागितली, तू दिलीस. दिलेलं कुणी परत मागतं का?"

मेयरबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"रेजिस, लोकांनी वाट सोडली असं तू आम्हाला लिहून दिलं होतंस. तू सोडायला लावलीस, असं नाही लिहिलंस." त्या उपमेयरकडे वळल्या. "विषय मागे. आणि शनिवारपर्यंत ते फाटक निघालं पाहिजे."

फाटक निघालं. पण ओदिलची माफी कुणी मागितली नाही. जे हात त्या संध्याकाळी वाट विकायला वर जाणार होते, तेच दुसऱ्या दिवशी बेकरीत तिला हसतमुखाने हलले, आणि त्या हसण्याचाही तिला संताप आला. घरी जाऊन तिने नकाशावरची रेघ पुन्हा कोम्बच्या वाटेवर आणली.

एप्रिलातल्या पहिल्याच मोकळ्या रविवारी ती सहा पाहुण्यांना घेऊन निघाली. ओकच्या पुढच्या वळणावर सगळ्यांना ब्रेक दाबावे लागले. वाटेवर, ऐन मधोमध, एक पांढरी गाय आडवी पडली होती आणि तिच्या मागे रेजिस गुडघ्यांवर, कोपरापर्यंत माखलेला. वासराचे दोन खूर बाहेर आले होते आणि तिथेच अडकले होते.

"माघारी जा!" तो ओरडला. "ओदिल, देवाशपथ, आज नाटक नाही! खरंच अडलीये!"

ते तिला दिसतच होतं. पाहुण्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "रस्त्याने जाऊ या ना, काय हरकत आहे?"

"हरकत आहे," ओदिल म्हणाली. "सायकली आडव्या करा आणि त्या भिंतीपाशी गवतात बसा. आवाज करू नका. चीज खा. गाईचं होईल तेव्हा आपण पुढे जाऊ."

मग तिने हातमोजे काढले, बाह्या सरकवल्या आणि ती रेजिसच्या शेजारी चिखलात बसली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वासराच्या पायांना बांधलेल्या दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. गाय कण्हली की दोघांनी ओढायचं, थांबली की थांबायचं. ओदिलच्या तळहातांची सालं निघाली. शेवटी ते वासरू एकदम, सपकन बाहेर आलं. रेजिसने त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, गवताच्या मुठीने छाती चोळली, आणि ते शिंकलं. गाय उठली, वळली, चाटू लागली. बऱ्याच वेळाने वासरू लटपटत उभं राहिलं आणि आईमागून कुरणात उतरलं.

वाट मोकळी झाली. ओदिलने पाण्याच्या बाटलीने हात धुतले. पाहुणे सायकली उचलू लागले.

"तू नसतीस तर गेलं असतं ते," रेजिस खाली बघत म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा मऊ झाला होता, दोन वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरातल्यासारखा. "अजून तीन गाई आहेत, ओदिल. याच आठवड्यात. आता तू स्वतःच पाहिलंस. तेव्हा म्हटलं, फक्त या आठवड्यापुरतं..."

"अडली तर हाक मार," ओदिल सायकलवर बसत म्हणाली. "रोज इथूनच जाणार आहे मी."