पापण्यांवरचा पहारा

श्रावणातल्या दुपारी चामोर्शीवर निथळत राहणारा तो ओला, करडा उजेड पाहिला की मला माझ्या बायकोची बोटं आठवतात. समोरच्याच्या पापणीवर हलकेच टेकलेली, अधीर, कधीच स्वस्थ नसलेली. ती इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. धानाची रोवणी सुरू झाली की तिच्याकडे सर्पदंशाच्या रुग्णांची रीघ लागे. मण्यारीचं विष आधी पापण्या जड करतं, मग श्वास. म्हणून ती प्रत्येकाला पुन्हा पुन्हा वर बघायला लावी. कितीक जीव तिने मरणाच्या दारातून ओढून आणले, आणि जे आले नाहीत त्यांचे चेहरे ती घरी घेऊन आली.

पुढे पुढे तिच्यासाठी बाराही महिने रोवणीचेच झाले. आठवडी बाजारात डुलकी घेणाऱ्या भाजीवाल्या म्हातारीची पापणी हिने वर केली, तेव्हा मी हसलो होतो. मग शेजारणीचं नाव तिला आठवेना, जेवताना घास हातातच राहू लागला, आणि माझं हसू आटलं. देहाने ती माझ्याजवळ बसलेली असे, मन मात्र कुठल्याशा खाटेभोवती येरझारा घालत असे. मी चिडायचो, कुणावर, ते मलाही कळत नसे.

एका दुपारी आमची लहानगी रेवा तिच्या मांडीवर पेंगली. हिने तिला गदागदा हलवलं. "डोळे उघड! वर पाह्य माझ्याकडं!" पोर किंचाळून उठली आणि त्यानंतर आईजवळ निजेचना. एकदा मला म्हणाली, "बाबा, आई घरी नसली का मले झोप येते."

दारात उभ्या आईने ते ऐकलं. मग म्हणाली, "मले आता सुटी पायजे." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

सततच्या ताणाने मेंदूतला पहारेकरी शिणतो, खरं संकट कोणतं आणि साधी जांभई कोणती हे त्याला उमगेनासं होतं, असं चंद्रपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी समजावलं. उपचारांसाठी ती तिथेच बहिणीकडे राहिली आहे.

दिवस सरताहेत. तिच्या नसण्याला घर सरावत चाललंय, याचंच मला भय वाटतं. आठवणीपेक्षा सवय फार चिवट असते. रोज सायंकाळी फोनवर ती एकच विचारते, "रेवा झोपते ना नीट?" गाढ झोपते, हे खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही.