बाबांच्या झाडाखालचा टेकू

मित्रांनो, मी एक जुना टेकू आहे. माझ्या डोक्याला बेचकं आहे आणि पायाला कायमची माती. फळांनी लवलेली फांदी मोडू नये म्हणून तिच्याखाली उभं राहायचं, एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? मग उन्हाळाभर उभे राहून बघा!

मी याच बागेच्या कुंपणावरच्या झाडाची फांदी होतो. या घरच्या बाबांनी मला तोडलं, माझी साल काढली आणि स्वतः लावलेल्या पीचच्या झाडाखाली उभं केलं. "हलायचं नाही बरं का," ते मला म्हणाले होते. पुढे बाबा गेले. तेव्हापासून आईने नेमच केला, की या झाडाचं एकही कच्चं फळ तोडायचं नाही. बाकीच्या झाडांची निम्मी फळं लहान असतानाच काढतात, म्हणजे उरलेली चांगली पोसतात आणि फांद्यांना भार होत नाही. या झाडाला मात्र माफी. सगळा भार माझ्या डोक्यावर! आणि हंगाम सरला, की मला गोठ्यामागे फेकून द्यायचे. एकदा तर मी सरपणात जाता जाता वाचलो.

यंदा मोठी फांदी बुंध्यापाशी तडकली. थोरली लेक पाणी द्यायला आली तेव्हा तिला ते दिसलं. ती फांदी गेली असती, तर अर्धं झाड फाटलं असतं. ती धावतच घरात गेली.

"आई, त्या झाडाची निम्मी फळं उतरवावीच लागतील."

"हात लावशील तर याद राख! तुझ्या बाबांचं झाड आहे ते."

"म्हणूनच म्हणतेय ना! झाड ठेवायचंय की फळं, ते सांग."

आई तोंड फिरवून बसली. थोरली बाह्या सरसावून शिडीवर चढली. एक फळ काढायचं, डोळे पुसायचे, पुन्हा दुसरं काढायचं, असं तिचं चाललं होतं. मग तिने तडकलेल्या जागी दोर आवळला, माझ्या बेचक्यात गोणपाटाची घडी घातली आणि मला खोल रोवलं. "धर रे बाबा आता," ती म्हणाली.

दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. शिडी आडवी झाली, रिकामी पाटी पार कुंपणापलीकडे गेली. माझ्या अंगातून कळ निघाली, पण मी जागा सोडली नाही. खरं सांगू? पूर्वीचा भार असता, तर माझा सगळा हट्ट तिथेच मोडला असता.

वारा पडल्यावर आई काठी टेकत आली. तिने फांदीवरून हात फिरवला. मग एकमेकांना चिकटलेली दोन फळं तिला दिसली. त्यातलं एक तिने आपल्या हाताने तोडलं.

"हे तोडायचं राहिलं होतं गं तुझं," ती थोरलीला म्हणाली आणि रडली.

मित्रांनो, काम झालं की टेकूला कोरड्या जागी ठेवत जा. पण टेकू आहे म्हणून झाडावरचं ओझं वाढू देऊ नका. माझं म्हणाल, तर मी अजून उभा आहे. बाबांनी सांगितलंय, हलायचं नाही.