लांडग्यांच्या घरातला गमबूट

मित्रांनो, मी एक जुना गमबूट आहे. उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ केव्हाच कचऱ्यात गेला. मी मात्र प्राणिसंग्रहालयात, लांडग्यांच्या आवारात लोळतो आहे आणि अंगाची चाळण होऊनही मजेत आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो. लांडग्यांची देखभाल करणाऱ्या काकांनी मला सात वर्षे वापरले. एकदा मी आवारातल्या चिखलात असा रुतलो, की काकांचा पाय तेवढा बाहेर आला! ते एका पायावर लंगडी घालत असतानाच सर्वांत धाकट्या पिल्लाने मला पळवले. काका त्याला शेंडेफळ म्हणत. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली आणि मी तिथेच राहिलो.

पिल्लांच्या बापाला काका आबा म्हणत. आबाने नुसते पाहिले तरी सगळा कळप शेपट्या खाली घालायचा. पण शेंडेफळापुढे त्याचा सगळा रुबाब विरघळायचा. आधी तो त्याला छातीखाली दाबून गुरगुरायचा, मग स्वतःच उताणा पडायचा. शेंडेफळ त्याच्या पोटावर उभे राहून राजासारखे ऐटीत बघायचे. मग माझी ओढाओढ. शेंडेफळाकडे माझे तोंड, आबाकडे टाच. थोडे ओढले की आबा मला हळूच सोडून द्यायचा.

एक दिवस नव्या डॉक्टरबाई जाळीशी आल्या. आबा गुरगुरत होता, पिल्लू खाली उताणे. बाई काकांकडे वळल्या.

"अहो, मारून टाकेल तो त्याला! उद्याच पिल्लू वेगळ्या पिंजऱ्यात हलवा."

मी हादरलो. एकदा वेगळे काढलेले पिल्लू कळप पुन्हा आपले मानेलच असे नाही. खरे काय ते मला ठाऊक होते, पण सांगणार कसे? चामड्याच्या बुटाला निदान जीभ तरी असते, गमबुटाला तीही नाही.

काकांनी मला उचलून आणले.

"बाई, ही वरची बारीक भोकं शेंडेफळाची. टाचेकडून आबा धरतो. एका चाव्यात हाड फोडतो तो. इथे साधा ओरखडा तरी दिसतोय का?"

बाईंनी टाचेवरून बोट फिरवले. "म्हणजे खेळतोय होय!"

"तर काय! आधी पुढचे पाय टेकून, शेपूट हलवून बोलावतो, मगच गुरगुरतो."

"मग राहू दे पिल्लू. आणि हा बूटही."

त्याला आता चार वर्षे झाली. आबा थकला आहे. कळपात आता शेंडेफळाचा शब्द चालतो. काल म्हाताऱ्याने मला तोंडात धरून त्याच्यासमोर पुढचे पाय टेकले. ओढाओढ सुरू झाली, आणि मित्रांनो, शेंडेफळाचे दात मला लागलेच नाहीत! थोड्या वेळाने त्याने मला हळूच सोडून दिले. आबा मला घेऊन ऐटीत निघाला.

मी फाटका आहे, पण मला इतक्यात फेकू नका. आणि समोरून ओढणारे कुणी लहान असेल किंवा थकलेले असेल, तर तुम्हीही जरा सैल धरा.