मी बाबाची शिट्टीवाली किटली

मी शिट्टीची किटली बोलतेय. बोलतेय कसली, किंचाळतेय! हळू बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. रंग नारिंगी, पोट गोल, तोटी आखूड आणि तोटीच्या टोकाला शिट्टी. पाणी उकळलं की मी अख्खं घर डोक्यावर घेते. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात, पण मला तोंड दिलंय तेच त्यासाठी.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या चकतीवर यंत्राने एकच दणका दिला आणि मला पोट सुटलं. माणसांना त्यासाठी चाळिशीपर्यंत थांबावं लागतं म्हणे! कुणी तोटी जोडली, कुणी रंग दिला, आणि तपासणीच्या बाईंनी टिचकी मारून म्हटलं, "जाऊ दे हिला."

मग दोन वर्षं भांड्यांच्या दुकानात फळीवर बसून काढली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझं झाकण उघडून आत डोकावायचं. आत काय असणार, कप्पाळ? तरी "हं" म्हणायचं, झाकण लावायचं आणि चाळणी घेऊन निघून जायचं.

वर्षअखेरची सुट्टी लागली आणि एक आई दोन मुलींना घेऊन दुकानात आली. थोरली दहा वर्षांची, तिला ताई म्हणत. धाकटी सहाची. ती एका जागी उभी राहत नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी. आई पलीकडे डबे बघायला गेली तशा दोघी माझ्या फळीखाली येऊन कुजबुजू लागल्या.

"बाबासाठी ही घेऊ या!" भिंगरी पायाने उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्यावर नाचत म्हणाली.

"हळू! आईला ऐकू गेलं तर तिला वाईट वाटेल."

त्यांच्या कुजबुजीतून मला सगळं समजलं. आईबाबांचा घटस्फोट झालेला, घरं दोन झालेली. परवा सुट्टीसाठी बाबाच्या नव्या घरी जायचं होतं आणि रिकाम्या हाती जायचं नव्हतं. पण आईसमोर बाबाचं नाव काढायचं नाही आणि बाबासमोर आईचं नाही, असा नियम या दोघींनीच आपल्या मनाने करून ठेवला होता. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माझ्या पोटात तर काही राहतच नाही, आणि ही एवढीशी पोरं सगळं पोटात ठेवून हिंडत होती!

"काय गुलुगुलु चाललंय?" आई अचानक मागे उभी.

"आजीसाठी भेट बघतोय," ताई चटकन म्हणाली. तिच्या हातात दाढीचा ब्रश होता.

आईने ब्रशाकडे पाहिलं. "आजीला? बरं दिसेल का गं ते?"

भिंगरी खुदकन हसली आणि ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आई तिथेच एका उपड्या बादलीवर बसली.

"बाबासाठी ना? मग मला का नाही सांगितलंत?"

"तू रडशील म्हणून," भिंगरी म्हणाली.

"मी कांदा चिरताना रडते. तुमच्या बाबाला भेट घ्यायची, त्यात रडायचं काय? आणि ब्रश नको, तो मशीनने दाढी करतो." आईने वर पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर पडली. "अगं, ही घ्या! गॅसवर पाणी ठेवतो आणि विसरतो तुमचा बाबा. माझी तीन पातेली जाळलीत त्याने."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुकानदारकाकांनी मागच्या शेगडीवर माझी परीक्षा घेतली. आयुष्यातली पहिली शिट्टी! मी अशी काही कोकलले की एका आजोबांच्या हातून झारा पडला आणि दुकानातलं मांजर थेट रस्त्यापलीकडे गेलं. भिंगरीने टाळ्या पिटल्या.

खोक्यात बसून मी बाबाकडे निघाले. वाटेत ताईने बजावलं, "आईने निवडली हे सांगायचं नाही हं. बाबाला वाईट वाटेल." म्हणजे नियमाचा अर्धा भाग अजून शाबूतच होता.

बाबाचं घर तिसऱ्या मजल्यावर. खोली एक, खुर्ची एक आणि त्या खुर्चीवर कपड्यांचा डोंगर. मला पाहून तो इतका खूश झाला की त्याने लगेच पाणी चढवलं. मग कपडे वाळत घालायला गेला आणि अर्थातच विसरला. मी जीव तोडून ओरडले! बाबा ओली पँट हातात घेऊन धावत आला, घसरला, खाली बसला आणि पोट धरून हसत सुटला.

"ही अक्कल कुणाची?"

दोघींची हाताची घडी, तोंडावर बोट. ताईने भिंगरीकडे डोळे वटारले. भिंगरीचे गाल फुगले, कान लाल झाले. ती आता फुटते की काय असं मला वाटलं.

"आईची!" ती ओरडली. माझ्याहून मोठ्यांदा, शपथ.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"तरीच!" बाबा म्हणाला. "माझी खोड तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? पण तिला वाटतं तशी तीन पातेली नाही हं, पाच जाळली. दोन मी गुपचूप टाकून दिली. तिला सांगू नका."

"सांगणार!" भिंगरीने त्याचाच फोन उचलून आईला लावला. "आई, बाबाने पाच जाळली! पाच!"

पलीकडून आई इतकी हसली की शेगडीवर बसून मला ऐकू आलं. "त्याला विचार, माझं निळ्या झाकणाचं पातेलं कुठे गेलं!"

बाबाने पँटमध्ये तोंड लपवलं, आणि ताई, ती शहाणी ताई, जमिनीवर लोळून हसायला लागली.

आता माझा तळ काळा झालाय, झाकण जरा वाकडं बसतं. चालायचंच. एवढीच विनंती आहे, शेजारी कितीही कुरकुरले तरी माझी शिट्टी काढून ठेवू नका. मुली सुट्टीला येतात, उठताबसता "आई म्हणाली" चालू असतं. माझ्या आवाजाने या घरात अजून सगळे दचकतात. आईच्या नावाने मात्र आता कुणी दचकत नाही.