पानिपतावरून आलेला सुरा

शिरूरच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या हौसरावांनी तिथली हत्यारांवरची आणि पोलादावरची सगळी पुस्तकं वाचली होती. त्यातलं त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणून राहूच्या पोपटरावांनी घरातला जुना सुरा कुणी बनवला, कशाचा बनवला हे सांगायला खंडेनवमीला बोलावलं, तेव्हा त्यांनी इस्त्रीचा सदरा पुन्हा इस्त्रीला दिला.

राहूत शिरताच फ्लेक्स दिसला. 'पानिपत गाजवून आलेली सरदार घराण्याची समशेर. निर्वाळा : शस्त्रतज्ज्ञ हौसराव.' सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. फ्लेक्सवर पोपटराव समशेरीपेक्षा मोठे होते. हौसरावांनी फ्लेक्स दोनदा वाचला. तपासणीआधीच निकाल लागला होता, आणि खाली त्यांचं नाव होतं.

देव्हाऱ्यापुढं पाटावर हातभर लांब सुरा होता. मुठीजवळ कुंकवाचा जाड थर. दर खंडेनवमीला नवं लावायचं, जुनं काढायचं नाही, ही घरची रीत.

"करणाऱ्याचा शिक्का बहुधा त्याखालीच असेल," हौसराव चाचरत म्हणाले. "थोडं कुंकू काढलं तर..."

"आप्पा, सणाच्या दिवशी समशेरीचं कुंकू पुसता व्हय?" पोपटराव म्हणाले.

त्यांच्या पत्नी साळूबाई चिंचेचा कोळ घेऊन आल्या. "देव न्हाई का घासत आपण? पुन्यांदा लावू की."

थर निघाला. आधी विड्याच्या पानाचा छाप दिसला, मग अक्षरं : 'मीरासाहेब, दौंड'.

"पानिपतावर असंल कुणी मीरासाहेब," पोपटराव म्हणाले. "दौंड तवाबी हुतंच."

"मामंजींनी आनलाय त्यो, जत्रंत बोकड कापायला," साळूबाई म्हणाल्या. "मी नवी नवरी हुते तवा."

"तू मधी बोलू नगं."

हौसरावांनी पिशवीतून कानस काढून धारेवर फिरवली. ती न चावता घसरली, इतकं पोलाद कडक होतं. पात्याच्या बुडाशी एक अर्धं कापलेलं भोक होतं. पुस्तकात अगदी असंच चित्र होतं. तरी आपणच चुकत असू, असं त्यांना वाटलं. तसं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं.

दारापुढचा मांडव भरला. माइक देताना पोपटराव कानाशी म्हणाले, "आप्पा, पानिपत तेवढं इसरू नका."

हौसरावांनी माइक तोंडाशी धरला. "हा सुरा दौंडच्या मीरासाहेबांनी केला आहे. पोलाद रेल्वेच्या वॅगनखालच्या स्प्रिंगच्या पाट्याचं आहे. पाटे बोल्टनं आवळतात, तिथलं हे भोक. पानिपताच्या वेळी रेल्वे नव्हती."

एकही 'बहुधा' न लावता ते प्रथमच बोलले होते. त्यांची मान ताठ राहिली.

पोपटरावांनी माइक घेतला.

"ऐकलं का मंडळी? रेल्वेचं पोलाद. आन् रेल्वे कुनाची? इंग्रजांची. माझ्या वडलांनी इंग्रजाची गाडी फोडली आन् तिचंच हत्यार करून घेतलं. घरात कधी त्याचं चकार अक्षर काढलं न्हाई, इतका साधा मानूस."

टाळ्या थांबेनात. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले.

"मामंजी रेल्वेला भ्यायचे," साळूबाई हौसरावांजवळ हळूच म्हणाल्या. "दौंडला बैलगाडीनं जायचे."

"अहो पण, इंग्रज तर तेव्हा कधीच गेले..." हौसरावांनी तोंड उघडलं, तोवर अंगावर शाल पडली, हातात नारळ आला.

"तुमच्यामुळं पुरावा घावला, आप्पा," पोपटराव म्हणाले.

परतताना फ्लेक्सवर पानिपताच्या जागी कागद डकवलेला होता : 'क्रांतिकारकाचा सुरा'. निर्वाळ्याच्या ओळीला कुणी हात लावला नव्हता.

एसटीत मांडीवरचा नारळ सांभाळत हौसराव बसून राहिले. एखादं 'बहुधा' घालायला हवं होतं, असं त्यांना शिरूर येईपर्यंत वाटत राहिलं.